कलम 4 साठी अर्ज लागत नाही

माहिती अधिकार म्हटलं की आपल्याला अर्ज आठवतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आठवतो आणि तीस दिवसांची वाट. पण 2005 च्या त्या कायद्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम 4. सरकारी कर्मचारी ज्या नियमांच्या, सूचनांच्या, नियमपुस्तिकांच्या आधारे काम करतात, ते सगळं खात्याने स्वतःहून लोकांपुढे ठेवायचं, असं ते सांगतं. स्थानिक भाषेचा विचार करून ठेवायचं, हेही त्याच कलमात आहे. मुदत होती 120 दिवसांची. वीस वर्षं उलटली.

माझ्या एका मैत्रिणीला मुलीला घरीच शिकवायचं होतं. कायद्यात बसतं का, हे विचारायला ती एका शिक्षण कार्यालयात गेली. पहिल्या टेबलावर "असं काही नसतं" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या टेबलावर "करा की, कोण विचारतंय", पण लेखी द्यायला कोणी तयार नाही. आता वस्तुस्थिती बघा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याचं कलम 10 म्हणतं. नाही घातलं तर पालकांना शिक्षा काय, यावर कायदा गप्प आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. एवढी माहिती मराठीतल्या एका पानावर मावते. ते पान खात्याने छापायला हवं. त्याऐवजी पालक व्हॉट्सॲपवर फिरणारे शासन निर्णय वाचत बसतात. तिला आलेला कागद तिरका स्कॅन केलेला होता, कडेची अक्षरं कापलेली, त्यात एक शब्द शोधायची सोय नाही.

पोलिसांच्या बाबतीत हे मला जास्त टोचतं. 1 जुलै 2024 ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ज्यांना 302 नि 420 तोंडपाठ होतं, त्या हवालदारांना 103 नि 318 नव्याने पाठ करावं लागलं. त्यासाठी प्रशिक्षण झालं, साहित्य तयार झालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने जुनी-नवी कलमं शेजारी ठेवणारं 'संकलन' हे ॲप काढलं, तेही सगळ्यांना फुकट. फार चांगलं काम. मग प्रशिक्षण केंद्रांच्या ग्रंथालयातलं बाकीचं साहित्य तसंच खुलं का नसावं? तिच्याबरोबरच आलेल्या, पोलिसांच्या कामाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस थेट सुरू करू शकतात) कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरणाऱ्या बाईच्या हातात तेच पान असेल, जे ठाणे अंमलदाराने प्रशिक्षणात वाचलंय, तर वाद तिथेच मिटतो. धाडी कशा घालतात, खबरी कोण, हे कोणी मागत नाहीये. त्यासाठी माहिती अधिकार कायद्यातच कलम 8 चे अपवाद आहेत आणि ते असायलाच हवेत.

आणि हे आपल्या राज्याला जमत नाही असं मुळीच नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये कोणालाही उतरवून घेता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो. जनतेच्या पैशातून तयार झालेलं ज्ञान जनतेला असं सहज मिळायला हवं. खेड्यातलं पोरगं भरतीची तयारी करताना महागडे गाइड विकत घेतं, तेव्हा मला हेच आठवतं.

एक करा. आपापल्या जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाच्या आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या संकेतस्थळावर कलम 4 ची माहिती उघडा. नियमपुस्तिका आहेत का, मराठीत आहेत का, शेवटचा बदल कोणत्या तारखेचा आहे, ते बघून मला कळवा. जिल्हावार यादी करून ती मी दोन्ही खात्यांना लेखी पाठवणार आहे.