'सह्याद्रीवाल्यांनी बर्फावर बोलू नये' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मे महिन्यात बर्फाचे उतार सकाळी आठच्या आत पार करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. उत्तर देऊ नकोस, असं घरच्यांचं म्हणणं पडलं. पण एक वाक्य डोक्यातून जाईना: "सह्याद्रीत करवंदं खात फिरणाऱ्यांनी हिमस्खलनावर शहाणपण शिकवून लोकांना मारू नये."

2003 साली मी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला. तेव्हापासून बहुतेक दर उन्हाळ्यात हिमाचल नाहीतर उत्तराखंडात असतो. 2011 च्या मेमध्ये एका खिंडीखाली आमचा गट चहा-नाश्त्यात रेंगाळला आणि उतारावर पोचेपर्यंत साडेदहा झाले. पहाटे जिथे लाथ मारून पायरी करावी लागली असती, तिथे पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता. वरून लाडवाएवढे बर्फाचे गोळे गरगरत येऊ लागले. गाइडने आम्हाला अक्षरशः ओरडून बाजूच्या खडकांवर हाकललं. थोड्याच वेळात अख्खा उतार ओल्या सिमेंटसारखा खाली सरकला आणि आमच्या पावलांचे ठसे त्याच्याखाली गेले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही कधी ऐकलाय?

आणि सह्याद्रीचं म्हणाल, तर पावसाळ्यात ओढा फुगायच्या आत मागे फिरायची अक्कल मला त्या करवंदांच्या जाळ्यांनीच दिली. तीच तिकडे उपयोगी पडली. दिवसा ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो, पाणी आतल्या थरांत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री आकाश मोकळं असेल तर तोच बर्फ गोठून कडक होतो. सकाळी आधी पूर्वेकडचे उतार तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार सगळ्यात धोक्याचा. हिमाचलातल्या सर पास या खिंडीला मुलं नगारूच्या तळावरून अंधारात निघतात, ती हौस म्हणून नव्हे.

"हिमस्खलन काय घड्याळ बघून येतं? 2014 ला खुंबूत सकाळीच 16 जण गेले," असं तुम्ही विचारता. एव्हरेस्टच्या वाटेवर, खुंबू हिमनदीत झालेली 18 एप्रिलची ती घटना मला पाठ आहे. तिथे वर लटकलेला हिमनदीचा कडा तुटला, उन्हाने भिजलेला उतार सरकला नव्हता. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून मला खोटं पाडू नका. त्यापेक्षा 4 एप्रिल 2023 चं सिक्कीममधल्या नथुलाच्या रस्त्यावरचं हिमस्खलन आठवा. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची, सात पर्यटक गेले.

एक मान्य करतो. रात्रभर ढग असतील तर बर्फ नीट गोठत नाही आणि मग पहाटे पाचलाही त्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे मी लेखात फार खाली लिहिलं होतं. आज वर आणलं आहे. पण "लपवलं" हा शब्द कशासाठी? लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावड्याबद्दल: हो, गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघायला हवा, आणि या तीन वस्तूंशिवाय ते जवळपास अशक्य. तो लेखाचा विषय नव्हता. उताराचा कोन मोजायच्या पद्धतीवर तुम्ही जे चार परिच्छेद लिहिलेत, त्यात मला पडायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र येत्या मेमध्ये माझ्याबरोबर जी आठ मुलं येणार आहेत, त्यांचे आईवडीलही इथे वाचतात. 'लोकांना मारू नये' हे शब्द तेवढे मागे घ्या.