हिरव्या तळ्यात मोरचूद टाकण्याआधी

एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागच्या शेततळ्यांपासून बेळगावभोवतालच्या गावतळ्यांपर्यंत पाण्याला पोपटी रंग चढतो. सकाळी वर साय धरते आणि कुणीतरी सांगतं, "मोरचूद मारा, दोन दिवसांत पाणी नितळ." नितळ होतं, खोटं नाही. पण त्याच दोन दिवसांत ते आधीपेक्षा जास्त विषारी होऊ शकतं. म्हणून माझं मत सरळ आहे : जे पाणी माणसं किंवा जनावरं पितात, त्यावर साय आल्यानंतर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि ब्लीचिंग पावडर ओतणं थांबलंच पाहिजे.

ही साय म्हणजे नेहमीचं शेवाळ नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, शाळेच्या पुस्तकातलं नीलहरित शेवाळ. आपल्याकडच्या उष्ण, साचलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिस हा त्यातला नेहमीचा मानकरी. त्याच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून तो तरंगतो. त्याचं यकृतावर घाव घालणारं विष, मायक्रोसिस्टिन, पेशी जिवंत असेपर्यंत बहुतांश आतच राहतं. मोरचूद किंवा क्लोरीन पेशी फोडतो आणि ते सगळं पाण्यात उतरतं. साय दिसेनाशी झाली की लोक निर्धास्त होतात, आणि नेमकं तेव्हाच विष विरघळलेलं असतं. ते जिरायला दोन-तीन आठवडेही लागतात.

हे घडून गेलेलं आहे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पाम आयलंडवर धरणातल्या शेवाळावर मोरचूद मारला, आणि काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं. यकृत सुजलेलं, उलट्या, पुढे रक्ताचे जुलाब. सुरुवातीला सगळ्यांना कावीळच वाटली. तिथला सायनोबॅक्टेरिया वेगळा होता, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस, आणि तो वर सायही धरत नाही, पाण्यात सगळीकडे पसरून राहतो. त्यामुळे "साय नाही म्हणजे पाणी बरं" हेही खरं नाही. ब्राझीलमधल्या कारुआरूत १९९६ मध्ये नीट शुद्ध न केलेलं टँकरचं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि मायक्रोसिस्टिनने पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या आपल्या गावांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता ओळखायचं कसं? एक काठी पाण्यात फिरवा. केसासारखे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. काठी हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी निघाली तर सावध व्हा. दुसरी खूण बाटलीची : पारदर्शक बाटली पाऊण भरा, झाकण लावा, रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर आला तर सायनोबॅक्टेरियाची शंका, तळाला बसला तर बहुधा साधं शेवाळ. (केंदाळ आणि बारीक पानांचं टिकलीशेवाळ यात मोजू नका, ती वनस्पती आहेत.) आणि काठच्या दगडांवर साय वाळून निळसर, मोरपंखी डाग पडले असतील तर पेशी फुटायला लागल्या आहेत असं समजा. तो निळा रंग पेशीच्या आतलाच. मात्र कुठली साय विषारी आणि कुठली नाही, हे डोळ्यांनी कुणालाच कळत नाही. एकाच जातीत दोन्ही प्रकार असतात. म्हणून संशय आला की विषारीच धरायचं.

नीलहरित शेवाळ म्हटलं की सगळं वाईट, असंही नाही. भाताच्या खाचरात अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं सोडतात, त्याच्या पानात राहून नत्र बांधणारा सायनोबॅक्टेरियाही याच कुळातला.

उकळून काही होत नाही. मायक्रोसिस्टिन उकळीला टिकतं, उलट पाणी आटलं की दाट होतं. घरातलं नुसतं यूव्ही मशीन किंवा कँडल फिल्टर यानेही भागत नाही. आरओ आणि चांगला सक्रिय कोळसा ते अडवतात, पण कोळसा वेळेवर बदलला तरच.

दुसरं पाणीच नसेल तर क्रम महत्त्वाचा : आधी पेशी अख्ख्या बाहेर काढायच्या, मग क्लोरीन. पाणी पहाटे घ्या. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, दुपारपर्यंत सामू (पीएच) ९ च्या वर जातो, मग तुरटीही नीट काम करत नाही आणि क्लोरीनही मंदावतं. पण पहाटे साय वर असते, म्हणून फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड, रिकाम्या ड्रमला टांगून पृष्ठभागाखाली चार-पाच फुटांवर ठेवा, तळाचा गाळ ओढू देऊ नका. पश्चिमेचा वारा असेल तर साय पूर्वेच्या काठाला ढकलली जाते, तेव्हा पाइप पश्चिमेच्या बाजूला. १००० लिटरला साधारण ३० ग्रॅम तुरटी बादलीत विरघळवून ओता, मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळा, दोन तास बसू द्या. इथे फसगत होते : हवेच्या पिशव्यांमुळे तुरटीने धरलेले शेवाळाचे गोळे काही वेळा खाली बसण्याऐवजी वर तरंगतात. म्हणून नळ टाकीच्या मधल्या उंचीवर हवा. गाळ त्याच दिवशी तळ्यापासून लांब खड्ड्यात टाका, साठवला तर त्यातल्या पेशी फुटून विष परत पाण्यात. मगच ताजी ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला १० ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपवर (पाण्यातलं क्लोरीन मोजायचा संच) ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, क्लोरीन तरी उरलं पाहिजे, आणि सामू ८ च्या आत. तरीही हे विष घटवणं आहे, प्रमाणपत्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या पिण्यासाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे दहा लाख लिटरमध्ये एक ग्रॅम. दाट सायीत ते हजारो मायक्रोग्रॅम असू शकतं.

मुळावर बोलायचं तर फॉस्फरस. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात सुमारे १० किलो फॉस्फरस असतो, आणि एका किलोवर तीनशे ते पाचशे किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. उसाच्या सरीतून वाहणारं पाणी आणि साबणाचं सांडपाणी थेट तळ्यात सोडत राहिलो तर दरवर्षी हेच. बांधाला आठ-दहा फुटांचा गवताचा पट्टा ठेवला तरी बराच फरक पडतो.

पंचायतींकडून एवढीच अपेक्षा : साय आली की पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) तळ्यावर फलक लावावा, आणि तो कन्नडबरोबर मराठीतही असावा. म्हसरं धुवायला येणारा माणूस जे वाचू शकतो, तेच लिहायचं असतं.

जनावराला साय चाटू देऊ नका, वाळलेलीही नाही, तिच्यात विष महिनोन्‌महिने टिकतं. प्यायल्यावर काही मिनिटांत-तासांत थरथर, झटके आले तर मज्जासंस्थेचं विष असू शकतं. दिवस-दोन दिवसांनी लुळेपणा, कावीळ, उन्हात कातडी सोलणं दिसलं तर यकृताचं. साप चावल्याचं समजून वेळ जातो आणि उतारा म्हणून औषध नाही. पशुवैद्यांना बोलावतानाच सायीचं पाणी गडद काचेच्या बाटलीत अर्धा लिटर भरून बर्फात ठेवा. दुसऱ्या लहान बाटलीत, सूक्ष्मदर्शकासाठी, पेशी टिकवणाऱ्या लुगोल आयोडीनच्या द्रावणाचे काही थेंब, चहाचा रंग येईपर्यंत. जनावर मेलं तर पोटातला चारा आणि यकृताचा तुकडा तपासायला घ्यायला सांगा, पुरण्याआधी.