“पॅच पाठवा, नाहीतर गप्प बसा” : या सल्ल्याचा प्रतिवाद

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबद्दल कोणी तक्रार केली की एक ठरावीक उत्तर येते आणि ते भरपूर शेअरही होते. त्याचा मथितार्थ असा: सॉफ्टवेअर फुकट मिळते, तेव्हा तक्रारीचा हक्क नाही, कोड खुला आहे, तेव्हा स्वतः दुरुस्त करून पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा, खऱ्या चुका तपासण्यांत सापडतातच, आणि तक्रारींमुळे फुकट राबणारी माणसे, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर, थकून काम सोडतात. शेवटचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. बाकीचे तीन मुळातच टिकत नाहीत.

“फुकट आहे, हमी नाही, मग तक्रार कसली?”

जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कलम 15 हमी नाकारते आणि कलम 16 नुकसानभरपाईची जबाबदारी. दोन्ही कलमे कायदेशीर देण्याघेण्याची आहेत. दोष कळवू नका, असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही. उलट डेबियनसारखा (लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीचा) प्रकल्प तक्रार नोंदवायला ‘रिपोर्टबग’ नावाचे खास साधन देतो. ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ किंवा ‘सीरियस’ या तीव्रतेची तक्रार उघडी असेल, तर ते पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जाण्यापासून अडते. “उद्यापर्यंत दुरुस्त करून द्या” असे म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही, हे मान्य. पण “अमुक केले की तमुक बिघडते” ही मागणी नाही, माहिती आहे.

“तक्रार नको, पॅच द्या”

पॅच हा तक्रारीपेक्षा वरच्या दर्जाचा, असे यात गृहीत धरले आहे. डेबियनमधलेच ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीचे प्रकरण पाहा. व्हॅलग्राइंड हे स्मृती तपासणारे साधन ओपनएसएसएलबद्दल इशारे देते, अशी तक्रार 2006 साली आली. इशारे खरोखरच येत होते. ते घालवण्यासाठी कोडमधल्या ओळी काढल्या गेल्या, आणि त्यांतली एक ओळ यादृच्छिक आकड्यांसाठी लागणारी सामग्री मिसळत होती. यादृच्छिकतेसाठी उरला फक्त प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक. त्याच्या शक्यता जेमतेम 32,768, म्हणजे त्यातून बनलेल्या गुप्त किल्ल्या ओळखणे सोपे. मे 2008 मध्ये हे उघडकीस आले, तोवर डेबियनवर तयार झालेल्या एसएसएचच्या (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीच्या) किल्ल्या बदलाव्या लागल्या. लक्षण अचूक होते, इलाज घातक ठरला. म्हणून लक्षण आणि इलाज वेगळे ठेवावेत. लक्षण वापरणाऱ्याला सर्वांत नीट दिसते. इलाज कोडचा इतिहास ठाऊक असलेल्याने ठरवावा.

लिनक्स कर्नलमध्येही (कार्यप्रणालीच्या गाभ्यातही) “आधीच्या आवृत्तीत चालत होते, आता चालत नाही” एवढी तक्रार दखल घ्यायला पुरते. जुने चालते ते मोडायचे नाही, हा तिथला पहिला नियम.

“खऱ्या चुका तपासण्यांत सापडतातच”

आपण मराठी वापरणाऱ्यांनी तर हे मुळीच मान्य करू नये. स्वयंचलित तपासणी लिहिणाऱ्याला जे सुचते, तेवढेच ती तपासते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, हे ज्याला माहीत नाही, त्याला पडद्यावर रफार आला काय नि अर्धा र आला काय, दोन्ही बरोबरच वाटणार.

यातले तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एक, ऱ (युनिकोड या अक्षरसंकेतात क्रमांक यू+0931) आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा र (यू+0930), हलन्त आणि यू+200डी हे अदृश्य जोडअक्षर. दिसायला दोन्ही सारखे, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साधा शोध तो चुकवतो. शिवाय एखाद्या प्रोग्रामने मजकूर साफ करताना अदृश्य अक्षरे गाळली, की दुसऱ्या पद्धतीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

ॲ चेही तसेच. यू+0972 हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. त्याआधीचा मजकूर अ आणि वरचा चंद्र असा जोडून लिहिलेला असतो, आणि तो काही ठिकाणी मध्येच टिंबांचे वर्तुळ घेऊन उमटतो. मराठी वळणाचे ल आणि श अनेक फाँटांत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामने अक्षरजुळणी करणाऱ्या भागाला सांगितले तरच ते उमटतात. नाही सांगितले, तर हिंदी वळण येते. हे दोष मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार. त्याने कळवले नाहीत, तर ते वर्षानुवर्षे तसेच राहतात.

“तक्रारींमुळे मेंटेनर थकतात”

थकतात, आणि त्याचा गैरफायदाही घेतला जातो. एक्सझेड या संकोचन साधनाचा सगळा भार मुख्यतः एकाच माणसावर होता. 2022 मध्ये इतरत्र फारशा न आढळणाऱ्या काही नावांनी त्याच्यामागे लकडा लावला: काम संथ चालले आहे, दुसरा मेंटेनर घ्या. पुढे ‘जिया टॅन’ या नावाच्या व्यक्तीकडे अधिकार गेले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा शिरला. तो पकडला गेला तोही एका वापरणाऱ्याच्या चिकाटीमुळेच. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचचा लॉगिन 0.3 सेकंदांऐवजी 0.8 सेकंद घेतो आहे, हे खटकले. त्यांनी माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी मोजमापांसह जाहीर केले.

दोन्ही प्रसंगी असमाधान व्यक्त झाले. पहिल्या प्रसंगी माणसावर दबाव होता, तपासता येईल असे काही नव्हते. दुसऱ्यात आवृत्ती, वेळ आणि पुन्हा करून पाहण्याची रीत होती. मेंटेनरचा वेळ सर्वांत जास्त जातो तो अपुऱ्या तक्रारींवर, कारण प्रत्येक राहिलेल्या तपशिलामागे प्रश्नोत्तरांची एक फेरी वाढते.

मराठी मजकुराच्या दोषासाठी लिबरऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस संचाच्या तक्रारीत काय द्यावे, ते इथे सविस्तर सांगतो. ‘हेल्प’ मेन्यूतल्या ‘अबाउट’ खिडकीतून आवृत्तीची माहिती नक्कल करून जशीच्या तशी चिकटवा. “नवीनच आहे” हे उत्तर निरुपयोगी. मग त्याच मेन्यूतून सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा. तिथे दोष गेला, तर बिघाड बहुधा तुमच्या प्रोफाइलमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे. फाइल चाळीस पानांची असेल तर अर्धी कापा, दोष उरला का पाहा, पुन्हा अर्धी कापा. एका ओळीपर्यंत या. खासगी मजकूरही त्यातच गळतो. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण चित्रात अक्षरांचे क्रमांक दिसत नाहीत. अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबले की क्रमांक समोर येतो, तो लिहा. फाँटचे नाव, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हेही लिहा. एका तक्रारीत एकच दोष.

पूर्वी चालत असेल तर कोणत्या आवृत्तीपर्यंत, हे सांगणे सर्वांत मोलाचे. हजार बदलांतून दोषी बदल शोधायला दरवेळी निम्मे वगळत गेले की सुमारे दहाच चाचण्या लागतात. फायरफॉक्ससाठी ‘मोझरिग्रेशन’ हे साधन जुन्या बिल्ड (चालवायला तयार आवृत्त्या) स्वतः उतरवते आणि तुम्हाला फक्त ‘चांगली की वाईट’ एवढेच विचारते. कोडची एक ओळही न वाचता हे करता येते. “पॅच पाठवा” म्हणणारे ही गोष्ट विसरतात.

धोरणाबद्दलच्या तक्रारींना तर पॅच हे उत्तरच नसते. मे 2021 मध्ये ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये गूगल आणि यांडेक्सच्या सेवा वापरून माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला. वापरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि तो मागे घेतला गेला.

तक्रार नोंदवल्यावर ती सोडून देऊ नका. लिबरऑफिसमध्ये स्थिती ‘नीडइन्फो’ (आणखी माहिती हवी) झाली, तर उत्तराचा चेंडू तुमच्याकडे आहे; काही महिने उत्तर गेले नाही की अपुऱ्या माहितीचे कारण देऊन ती बंद होते. दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की दैनंदिन बिल्ड उतरवा, तीच एका ओळीची फाइल उघडा आणि निकाल त्याच तक्रारीखाली लिहा. दुरुस्त झाले असेल तर स्थिती ‘व्हेरिफाइड’ करता येते, झाले नसेल तर काय उरले ते तिथेच नोंदवा.