डॅलसची मोटर आणि आमची पाटोडी

विदर्भात पाण्याचं काय होतं हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ते आटतं. विहिरीत आटतं, धरणात आटतं, मे महिन्यात तर कूलरमध्ये ओतता ओतता आटतं. पाणी गोठतं म्हणून कोणाची झोप उडते, हे मात्र मी यंदाच्या संक्रांतीला पाहिलं. झोप जावयाची उडाली आणि घर आमचं जागं राहिलं.

लेक-जावई टेक्सासात, डॅलसला राहतात. घरामागे पोहायचं टाकं आहे. त्याचे निळेशार फोटो आम्हाला अधूनमधून येतात. त्यात पोहताना कोणी दिसत नाही. पण त्याचा थाट विचारू नका! त्याला वेळच्या वेळी औषध, पाणी गाळायला फिल्टर, फिरवायला पंप, तापवायला हीटर. एवढं सगळं करून त्यानं काम काय करायचं, तर पडून राहायचं. जावयाच्या घरी हा दुसरा जावईच बसलाय, असं माझ्या मनात आलं. ते मी मनातच ठेवलं. सासऱ्याला दुसरीकडे ठेवायला जागा नसते.

तर ही मंडळी संक्रांतीला गावी आली आणि पाठोपाठ तिकडे थंडीची लाट. जावई जेवायला बसले की डाव्या हातात मोबाइल. त्यात टाक्याचा पंप दिसतो म्हणे, चालू की बंद. हिने खपून केलेला पाटोडी-रस्सा समोर निवतोय आणि हे पाहताहेत पंप!

“काय झालं बाप्पा?” मी विचारलं.

“मामाजी, तिकडचं तापमान शून्याखाली चाललंय.”

“मग टाकं फुटते का?”

“टाक्याला काही होत नाही. वर बर्फाचा पापुद्रा धरेल फार तर. धोका बाहेरच्या सामानाला.”

मग समजलं ते असं. पंप, फिल्टर, हीटर हे सगळं घरामागे उघड्यावर. आत पाणी भरलेलं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप काही फुगत नाही, तो तडकतो. अमेरिकेच्या उत्तरेकडे लोक हिवाळ्याआधीच पाणी उतरवतात, पाइपांत हवा मारून टाकं झाकून मोकळे होतात. टेक्सासात तसं करत नाहीत. थंडी पडली की पंप अखंड चालू ठेवायचा, पाणी फिरतं राहिलं की गोठत नाही. पारा साधारण ३ अंशांवर आला की पंप आपोआप सुरू होतो, अशी सोयही असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं. आमचं अख्खं गाव शेकोटीला चिकटलं होतं. हा पंप तेव्हा ढिम्म हलला नसता.

“मग घोर कशाचा?” मी म्हटलं.

“लाइन गेली तर?”

फेब्रुवारी २०२१ ची धास्ती होती ती. १६ तारखेला डॅलसला उणे १९, आणि राज्यभर ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं विजेविना. “अमेरिकेत लाइन जाते?” ही स्वयंपाकघरातून धावतच बाहेर आली. हरभऱ्याला पाणी द्यायला आम्ही ऐन थंडीत रात्री शेतात जातो, कारण लाइन तेव्हाच येते. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते लेकीच्या लग्नातही नव्हतं.

आणि गेलीच. आमच्याकडे भरदुपार, तिकडे मध्यरात्र उलटलेली. मोबाइलवर पंप दिसेनासा झाला. जावयानं शेजाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो हैदराबादचा, त्याचीही लाइन गेलेली, त्यामुळे बिचारा जागाच होता. डोक्यावर टोपडं, हातात बॅटरी. पण पुढं काय करायचं ते दोघांनाही धड सुचेना.

नेमका तेव्हा माझ्या विहिरीवरची मोटर पाहायला आलेला मिस्त्री ओसरीवर चहा पीत होता. चार वाक्यं ऐकली आणि त्यानं जावयाच्या हातातून मोबाइलच घेतला.

“भाऊसाब, पयले मेन स्विच गिराओ!”

“लाइन तो हइच नै,” शेजारी म्हणाला.

“आएगी ना! लाइन आएगी तो तुमारी मोटर कोरडी चलेगी, आन् जल जाएगी.”

लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्टार्टरपायी जळालेल्या मोटारी भरण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे टेक्सासनं शिकवायची गरज नव्हती. मग पंपाखालचे प्लग काढवले. “प्लास्टिक है क्या? तो पाना मत लगाओ, हातसे घुमाओ.” पंपातलं पाणी भळाभळा सांडलं. मग फिल्टरवरची हवेची चावी मोकळी, खालचा प्लग मोकळा, शेवटी हीटरचाही. “सब बोल्ट मोटर के डिब्बे में डालो, नै तो सकाळी घास में ढूंढते बैठोगे.” पंपाच्या जाळीदार डब्यातच प्लग ठेवायचे, असं तिकडचे जाणकारही सांगतात, हे जावयानं मला हळूच सांगितलं. टाक्याच्या भिंतीतल्या, कचरा ओढणाऱ्या खिडकीत जावयानं अर्धी भरलेली बाटली ठेववली, म्हणजे बर्फ फुगला तरी बाटली दबते, भिंत वाचते. वरून जुनी ब्लँकेटं. शेजारी प्रत्येक सूचनेला “हौ” म्हणायचा, मिस्त्रीही “हौ” म्हणायचा, आणि भोवती जमलेली आळी मान डोलवायची. एका म्हातारीनं तर हीटरमधलं पाणी काढवल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. चांगलं तापवायचं यंत्र, आन् थंडीतच रिकामं केलं!

लाइन तिकडे दुसऱ्या दिवशी आली. प्लग डब्यातच होते. लावले, पंपात पाणी भरलं, मोटर सुरू. काही तडकलं नाही. जावयानं त्या दिवशी पाटोडी तीनदा मागून घेतली.

हैदराबादी शेजाऱ्याच्याही घरामागे टाकं आहे. मिस्त्रीचा नंबर आता त्याच्याकडे आहे आणि त्याच्या ओळखीतल्या आणखी कोणाकोणाकडे. आमची मोटर तशीच पडून आहे. परवा निरोप धाडला तर म्हणतो, “काका, थोडं थांबा ना. सध्या फॉरेनचं काम सुरू हाये.”