पुराचा क्लेम कसा बुडवावा

नद्या आपापल्या पात्रात गेल्या, आता विमा कंपन्यांची पत्रं यायचे दिवस. परवा असंच एक हातात पडलं. ‘सदर भिंत पुरामुळे नव्हे, तर बांधकामाच्या वयोमानामुळे पडली असल्याने दावा विचारात घेता येत नाही.’ कंपनीचं नाव कशाला घ्या, बाकीच्यांचा उगीच हिरमोड होईल. पण इतकं सुबक पत्र मिळवायचं तर आपल्या बाजूनंही थोडी मेहनत लागते. आपल्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, घटप्रभा, ज्या कुणाच्या काठी तुम्ही असाल, तुमच्यासाठी ही चार युक्तीची बोलणी.

पॉलिसी अजिबात वाचू नका. बँकेनं कर्जखात्यातून हप्ता कापला म्हणजे विमा झाला, कागद बँकेच्या कपाटात सुखरूप आहे. तो मागून घेतलात तर नसता मनस्ताप. माल निपाणीच्या गोदामात आणि पॉलिसीवर पत्ता मालकाच्या घराचा, असं काहीतरी दिसायचं. विम्याची रक्कम तर बहुतेक वेळा कर्जाएवढीच असते. समजा विमा 8 लाखांचा, दुकानात माल 16 लाखांचा, भिजला 4 लाखांचा. तुम्ही म्हणणार, 4 लाख 8 च्या आतच आहेत की! कंपनी म्हणणार, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा उतरवलात, तेव्हा नुकसानही निम्मंच मिळेल. झाले 2 लाख. त्यातून वजावट, त्यातून भिजल्या मालाची भंगार किंमत. उरेल तो चेक बँकेच्या नावे.

वाचलीच चुकून, तर जोखमींची यादी जरूर बघा. वादळ, चक्रीवादळ, टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन, टॉर्नेडो, त्सुनामी आणि मग पूर. हरिकेन अटलांटिकातलं. ते सदलग्याला यायचं म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून वर आंबोलीचा घाट चढायचा, तरीही त्याची भरपाई पक्की. दर दोन-तीन वर्षांनी दारात येणाऱ्या पाण्याबद्दल मात्र चौकशी बसते. लोक जिला ‘फायर पॉलिसी’ म्हणतात तिच्यात पूरही असतो, ही गोष्टही कुणाला सांगू नका.

कळवायची घाई नको. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, चार्जिंगला जागा नसते, फोन कुठून लावणार? सगळं आवरून, गणपती झाले की सवडीनं कळवा.

पाणी ओसरल्या दिवशी भिंतीवरची पाण्याची रेघ घासून काढा आणि वर चुना मारा. मीटरपट्टी लावून, तारीख दिसेल असा फोटो काढणारे लोक संशयी असतात.

भिजलेला माल, नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत उकिरड्यावर टाका. युरियाची पोती असोत, तंबाखूचे बोद असोत, बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमागाच्या बीमवरचं सूत असो. जपून ठेवलंत तर तो मोजेल, मोजलं तर लिहील. मालाची किंमत विक्रीच्या भावानं सांगा, म्हणजे खरेदी भावानं कापताना त्याला काम मिळेल. जीएसटीबद्दल चकार शब्द काढू नका. खराब झालेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट कायद्याप्रमाणे परत भरावं लागतं, ते नुकसान क्लेममध्ये मागायचं असतं, हे तुमच्या सीएला माहीत असेलच. विचारायचं कशाला?

विजेच्या मोटरचं सांगायचं राहिलं. चिखल पुसला की लगेच बटण दाबा. ओल्या वाइंडिंगला करंट मिळाला की ती जळते, आणि शॉर्टसर्किटनं जळालेली मोटर पॉलिसीच्या अपवादात बसते. पुरानं फक्त भिजलेली मोटर बसत नाही. म्हणून आधी उघडणं, वाळवणं, मेगरनं इन्सुलेशन तपासणं, रिवाइंडिंगवाल्याकडून लेखी घेणं, असले घोळ घालू नका.

आता भिंत. सुरुवातीच्या त्या पत्राचा मानकरी व्हायचं असेल तर भिंत पाण्यात पडू देऊ नका, पाणी गेल्यावर पडू द्या. तुम्ही म्हणाल ते आपल्या हातात नाही. नाहीच. मातीच्या भिंतीला ते ठाऊक असतं. पाणी दोन-तीन फूट चढतं, आठवडाभर तिथंच राहतं, भिंतीचा पाया आणि खालचा भाग लोण्यासारखा होतो. तोवर ती उभी असते, कारण पाणी दोन्ही बाजूंनी रेटत असतं. पाणी उतरतं, बाहेरचा रेटा जातो, आतली ओल जात नाही. वर सागवानी तुळया आणि मंगळुरी कौलांचं ओझं. त्यात चार वर्षांपूर्वी शोभेसाठी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असला तर विचारूच नका, ओल आतल्या आत कोंडून राहते, बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, माणसं केंद्रावरून घरी परतून चूल मांडतात तेव्हा, ती खाली येते. पंचनामा करणाऱ्याला हे माहीत आहे, गवंड्याला माहीत आहे, आमच्याकडे शाळकरी पोरगं सांगेल की पूर गेल्यावर भिंतीखाली झोपायचं नाही. माहीत नाही ते फक्त एसीत बसून फोटो बघणाऱ्याला. तो तारीख बघतो. पूर ओसरला अमुक तारखेला, भिंत पडली त्यानंतर. म्हणजे पुरानं नाही. मग कशानं? वयानं! अहो, मागच्या गल्लीत, जिथं पाणी चढलं नाही तिथं, त्याच आज्यानं बांधलेल्या त्याच मातीच्या भिंती ताठ उभ्या आहेत. वय काय नदीकडच्याच भिंतींना होतं? आणि हप्ता घेताना घराचं वय फॉर्मात लिहून घेतलं होतं की नाही? तेव्हा भिंत तरुण होती काय? ‘कच्चं बांधकाम’ म्हणून झटकायचं म्हटलं तर हातातल्या पॉलिसीच्या व्याख्येत फळ्या, गवत, पानं, बांबू, ताडपत्री असली नावं आहेत, मातीचं नाव नाही. तेवढं वाचलं असावं त्यांनी, म्हणून तर वय काढलं.

पंचनामा कानडीत, पॉलिसी इंग्रजीत, सर्व्हेअर फोनवर हिंदीत. तुम्ही आपले मराठीत गप्प बसा.

सरकारी मदतीसाठी घर नुकसानीच्या ए, बी, सी यांतल्या कुठल्या वर्गात टाकलं तेही तपासू नका. सी, म्हणजे सगळ्यात खालचा वर्ग, पडला की कंपनी तोच कागद पुढं करेल, ‘सरकारच म्हणतंय नुकसान किरकोळ’.

आणि शेवटी ‘संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ या व्हाउचरवर, आकडा कोरा असला तरी, सही ठोकून मोकळे व्हा.

पुरे झाली थट्टा. 2019 ला आणि 2021 ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढलं, वाहतूक बंद पडली, सगळ्या देशानं बघितलं, आणि तरी कंपनी विचारते की तुमच्याकडे पूर आला याला पुरावा काय! लाज वाटत नाही? अहो कंपनीवाले, नियम तुमच्यासाठीही आहेत. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत त्याचा अहवाल, अहवाल आल्यावर 7 दिवसांत निर्णय. कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, असंही त्यातच आहे. मग पुरात वाहून गेलेल्या फ्रिजचं मूळ बिल कुठल्या तोंडानं मागता?

आणि आपणही कमी नाही. पत्र आलं की घडी घालून टीव्हीमागं ठेवतो, एजंटाला चार शिव्या देतो, झालं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, वर्षाच्या आत. कोल्हापूरवाल्याला त्यासाठी पुणं, आपल्याला बंगळूर. पण तिथवर जायचं कारण नाही, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. व्हाउचरवर सही करायचीच वेळ आली तर ‘निषेध नोंदवून’ असं वर लिहून करा आणि झेरॉक्स ठेवा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ‘ती ऑफिसची असते’ असं सांगतील. खोटं आहे. विमाधारकानं मागितली तर द्यावी लागते. लेखी मागा, आजच मागा.