रिकामा बसलाय, पण खातोय किती!

काय रे भो कॉम्प्युटर, तू करतोस तरी काय? स्क्रीनवर एक विंडो उघडी नाही, प्रोसेसरचा वापर जेमतेम एक टक्का, आणि प्लगमधला वॉटमीटर म्हणतो ११०! घरी जोडलेला साधा डेस्कटॉप रिकामा असला की ४०-६० वॉटमध्ये भागवतो. बाकीचे काय शेवभाजी खायला जातात?

बसा आता शोधत. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, सी-स्टेट (प्रोसेसरची डुलकी घ्यायची सोय) बंद. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर. कशासाठी? कोपऱ्यातलं घड्याळ जोरात पळावं म्हणून? मग ग्राफिक्स कार्डाचे लाड. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, शेजारी दुसरा ६० चा, की कार्डाची मेमरी फुल स्पीडवरून खाली उतरायलाच तयार नाही. १४४ चे ६० केले की आकडा धाडकन खाली. म्हणजे महागडा मॉनिटर घ्यायचा आणि तो स्वस्तातल्यासारखा वापरायचा. वा!

आणि ते रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर! रॅमवर इंद्रधनुष्य फिरावं म्हणून प्रोसेसरला क्षणभर झोपू द्यायचं नाही. टास्क मॅनेजर उघडला की सगळे भामटे साळसूद.

जळगावचा मे. बाहेर ४५ अंश, कूलर गरम हवा फेकतोय, आणि टेबलाखाली हा हीटर. जादाचे ५० वॉट चोवीस तास धरा, महिन्याला ३६ युनिट झाले. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा काय माझ्या रॅमच्या रोषणाईसाठी जाळतात?

दुकानदाराला विचारलं, तर म्हणे, “बंद करून ठेवा ना भाऊ.”

मग विकलास कशाला?