'काही लागलं तर सांग' हे वाक्य आता पुरे

दहावीच्या बॅचचा ग्रुप असो, सोसायटीतल्या मैत्रिणींचा असो की रोज सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांचा. कुणी ॲडमिट झाल्याची बातमी आली की दहा मिनिटांत चाळीस जण एकच वाक्य टाकतात: 'काही लागलं तर नक्की सांग.' पाठोपाठ जोडलेले हात. भावना खरी असते, त्याबद्दल वाद नाही. पण आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला काय लागणार आहे हे त्या घटकेला तिलाच ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी चाळिसांपैकी कुणाकडे मागायचं, हे ठरवायचं काम आपण तिच्याच गळ्यात घालतो. मागायला जीभ रेटत नाही, ती गप्प बसते, आणि ग्रुपला वाटतं सगळं ठीक चाललंय.

त्यापेक्षा असं लिहा: 'उद्या संध्याकाळी सातला तुझ्यापुरता डबा आणतेय. खाली आले की फोन करते.' तिला फक्त 'हो' किंवा 'नको' म्हणायचं उरतं. 'शनिवारी रात्री मी थांबतो, तू घरी जाऊन झोप', 'पोरीला क्लासहून मी आणते', 'बिलिंग काउंटरची रांग माझ्याकडे', अशी नेमकी कामं हवीत. वार, वेळ आणि नाव नसलेली मदत ही शुभेच्छाच असते.

डब्याचंच घ्या. पेशंटला बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि चाललं तरी डॉक्टरांना विचारूनच. डबा लागतो तो सोबत बसलेल्या माणसाला, आणि त्याला तो बाकड्यावर बसून, एका हातात फाइल धरून खायचा असतो. त्यामुळे आमटी नको, पातळ रस्सा नको. पोळीभाजीचा रोल, दशम्या, ठेपले, चटणी लावलेली भाकरी, दोन केळी. चहा छोट्या थर्मासमध्ये. परत द्यावा लागणार नाही अशा डब्यात दिलंत तर उत्तम, कारण हॉस्पिटलात तीन घरांचे स्टीलचे डबे घासत आणि ओळखत बसणं ही वेगळीच शिक्षा असते. आणखी एक गंमत बघा: पहिल्या दिवशी चार डबे येतात, पाचव्या दिवशी एकही नाही. म्हणून पहिले दोन दिवस नातेवाइकांवर सोडा आणि मित्रांची पाळी तिसऱ्या दिवसापासून लावा.

बातमी सांगायला एकच माणूस नेमा, शक्यतो घरातला नको. डॉक्टरांचा राउंड झाला की घरच्यांनी त्याला फोन करायचा आणि त्याने ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या, सकाळी एकदा, रात्री एकदा. 'ताप उतरला, ऑक्सिजन अजून चालू, भेटायला आज कुणी जाऊ नये.' बस. नाहीतर तीच कहाणी घरच्या माणसाला तीस वेळा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी कुणाच्या तरी साडूला हेच झालं होतं हे ऐकावं लागतं. आजाराचं नाव ग्रुपवर टाकायचं की नाही हे मात्र पेशंटने ठरवायचं. 'ॲडमिट आहे, स्थिर आहे' एवढ्याने कुणाचं अडत नाही.

आता रक्त. इथे मैत्रीपेक्षा नियम मोठे. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ तरी हवं. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर, बाईला चार. इन्शुलिन घेणाऱ्याला देता येत नाही, आणि साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच द्यायला आलेल्याला घेत नाहीत. म्हणजे पन्नाशीच्या ग्रुपात दोनशे नावं असली तरी प्रत्यक्ष उपयोगाची किती, ते मोजून बघा. खरे दाते असतात आपली मुलं. यादी करायची तर त्यांची करा: रक्तगट, शहर, शेवटचं दान कधी. आधी त्यांना विचारून, अर्थात.

डेंग्यूच्या दिवसांत 'प्लेटलेट हवेत' असा मेसेज येतो तेव्हा आधी विचारा, एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट) हवं की आरडीपी (रँडम डोनर प्लेटलेट)? आरडीपी नेहमीच्या रक्तदानातून वेगळ्या काढतात. एका पिशवीने पेशंटचा प्लेटलेट काउंट साधारण पाच ते दहा हजारांनी चढतो. एसडीपी एकाच दात्याकडून मशीनवर काढतात, दीडेक तास जातो, आणि काउंट तीस ते पन्नास हजारांनी चढू शकतो. त्या दात्याची शीर चांगली हवी, वजन पन्नासच्या वर हवं, स्वतःचा काउंट दीड लाखाच्या पुढे हवा आणि तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. आधी नमुना तपासतात, त्यात वेळ मोडतो. म्हणून एक ठरलेला आणि एक राखीव असे दोघे पाठवा. येताना नीट जेवून यायचं, उपाशी नाही. साठवलेल्या लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. त्यामुळे 'मागच्या महिन्यात दिलं होतं, तेच वापरा' हा हिशेब इथे चालत नाही.

रक्ताच्या मेसेजमध्ये तारीख, हॉस्पिटल, वॉर्ड, रक्तगट, काय हवं आणि कधीपर्यंत, एवढं हवंच. मिळालं की त्याच मेसेजला 'मिळालं, आता नको' असं उत्तर टाका. हे न केल्यामुळे दोन-दोन वर्षांपूर्वीचे 'तातडीने बी निगेटिव्ह' अजून फिरताहेत, आणि बिचाऱ्या नातेवाइकाचा फोन अजून खणखणतोय.

पैसे. सगळ्यांत नाजूक जागा, आणि मैत्री तुटते ती इथेच. वर्गणी काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, महात्मा फुले जन आरोग्य योजना. यादीतल्या हॉस्पिटलात, यादीतल्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जायचं. घाईत डिपॉझिट भरून साधा पेशंट म्हणून नोंद झाली आणि नंतर योजना आठवली तर डोकं धरायची पाळी येते, कारण ही योजना कॅशलेस आहे, डिस्चार्जनंतर बिलं देऊन पैसे परत मागायची नाही. दुसरी, धर्मादाय रुग्णालयं. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या सोशल वर्करला भेटायचं काम मित्राने अंगावर घ्यावं. घरच्यांच्या अंगात तेवढं त्राण नसतं.

मेडिक्लेम असेल तर खोली घेताना पॉलिसीतली रूमभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा पाच हजारांची आणि खोली दहा हजारांची घेतली तर वरचे पाच हजार भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं, कापलं जाऊ शकतं. 'जरा चांगली खोली घे रे, आम्ही आहोत ना' असं म्हणणारा मित्र नकळत लाखाचा खड्डा पाडतो.

यानंतरही कमी पडलं तर गोळा करा. एकाने जमा करायचे, दुसऱ्याने वही ठेवायची. ग्रुपवर फक्त एकूण रक्कम टाका. कुणी किती दिले याची यादी अजिबात नको. पाचशे देणारा त्या यादीत बारीक होतो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो. उसने की मदत, हे देतानाच स्पष्ट शब्दांत लिहा. दोन वर्षांनी कटुता येते ती या एका शब्दावरून. आयकराचंही एक ध्यानात ठेवा: कायद्याच्या लेखी मित्र हा नातेवाईक नव्हे. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांच्या वर भेट आली तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नव्हे. रक्कम मोठी असेल तर आधी सीएला विचारा.

परदेशातले मित्र पैसे पाठवतात आणि तेवढ्यावर मोकळे होतात. त्यांच्याकडून याहून मोठं काम घेता येतं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत दुपार कलत असते. रात्री हॉस्पिटलात एकट्या जागणाऱ्या माणसाला फोनवर सोबत करायला तिथल्या मित्राइतका सोयीचा माणूस नाही. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणं, मेडिक्लेमचे फॉर्म वाचणं हेही तिथे बसून होतं.

हे सगळं अडचणीच्या दिवशी एकदम उभं राहत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं 'आज गॅस संपला', 'आईचा मोतीबिंदू झाला', 'पोराची सीईटी बिघडली वाटतं' अशी किरकोळ बातमी चालू असावी लागते. कुणाची आई कुठे राहते, कुणाकडे गाडी आहे, कुणाला रात्री जागता येतं, हे त्यातूनच कळतं. गुड मॉर्निंगच्या गुलाबाला हसणाऱ्यांत मी नाही. ती हजेरी आहे. रोज पावणेसातला फूल टाकणारा एकटा राहणारा मित्र सलग दोन दिवस गप्प असेल तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा, आणि उचलला नाही तर शेजाऱ्याला. प्रत्येक एकट्या माणसाच्या शेजाऱ्याचा नंबर ग्रुपातल्या दोघांकडे तरी हवा.

आणि माणूस गेला तर? तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. मित्रांचं काम चौदाव्या दिवशी सुरू होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, सगळीकडे मागतात. पासबुक घेऊन वहिनींजवळ शांतपणे बसा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर बँकेतून घेतलेला सरकारी जीवनज्योती विमा आहे, दोन लाखांचा. २० रुपये असतील तर तसाच सरकारी अपघात विमा. नोकरीत असताना गेला असेल आणि पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा असतो, सात लाखांपर्यंत. अनेक घरांत हे कुणाला माहीतच नसतं. आणि त्याचं सिमकार्ड बंद करू देऊ नका. विम्याच्या हप्त्याचे, एफडीच्या मुदतीचे मेसेज त्याच नंबरवर येत राहतात. वर्षभर रिचार्ज करत राहा. तो खर्च ग्रुपातल्या कुणीही एकाने न सांगता उचलावा.